दुःखाचा स्वीकार आणि ईयोबाचे मित्र

देव दयाळू आहे, हे आपण लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकतो आणि मनोभावे मानतो. पुढे आयुष्यात असा एखादा दिवस उगवतो की, त्या शिकवणुकीची संगती लावणे कठीण होऊन बसते. घरचा कर्ता मुलगा अपघातात जातो, हाताशी आलेले पीक पाण्याखाली जाते, ज्याने कोणाचे वाईट चिंतले नाही त्याला असाध्य रोग जडतो. अशा वेळी आपल्या समाजात दोन शब्द सर्रास उच्चारले जातात : देवाची इच्छा. हे शब्द खोटे आहेत, असे कोणी श्रद्धावंत म्हणणार नाही. प्रश्न आहे तो एवढाच की, ते कोणी म्हणावेत, कोणाला म्हणावेत आणि केव्हा म्हणावेत?

या प्रश्नाचा विचार ज्या लोकांनी सर्वांत दीर्घकाळ आणि सर्वांत मोठी किंमत मोजून केला, ते लोक म्हणजे ज्यू. १३ एप्रिल १९८६ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी रोमच्या सिनेगॉगला भेट दिली, तेव्हा त्यांनी ज्यूंना आपले थोरले बंधू म्हणून संबोधिले होते. दुःखाच्या बाबतीत या थोरल्या बंधूंचा अनुभव आपल्याहून मोठा आहे. तेव्हा त्यांनी काय जपून ठेवले आहे, ते आपण आदराने पाहावे, हे उचित होईल.

इसवी सन २०० च्या सुमारास ज्यू धर्मनियमांचा मिश्ना नावाचा संग्रह सिद्ध झाला. त्यातील पहिला भाग आशीर्वचनांविषयी आहे. आशीर्वचन म्हणजे देवाचा धन्यवाद करणारे छोटे वाक्य. भाकर मोडताना, इंद्रधनुष्य पाहताना, मेघगर्जना ऐकताना, अशा शेकडो प्रसंगी ज्यू मनुष्य देवाला धन्यवाद देतो. या भागाच्या अखेरच्या प्रकरणात एक नियम येतो आणि वाचणारा तेथे थबकतो. चांगल्या घटनेबद्दल जसा देवाचा धन्यवाद करावयाचा, तसाच वाईट घटनेबद्दलही करणे मनुष्यावर बंधनकारक आहे, असे मिश्ना सांगते. शुभवार्ता कानी आली, तर देवाला भला आणि भले करणारा म्हणून वंदावे. अशुभ वार्ता आली, तर त्याला सत्य न्यायाधीश म्हणून वंदावे. आजही मृत्यूची बातमी ऐकताच ज्यू मनुष्य हेच दुसरे आशीर्वचन उच्चारतो.

वरवर पाहता हा नियम फार कठोर वाटतो. परंतु थोडे थांबून पाहिले, तर त्यातील सूक्ष्मता ध्यानात येते. आशीर्वचने दोन आहेत, एक नव्हे. मुलगा गेला असता बापाने देवाला भला आणि भले करणारा म्हणावे, अशी अपेक्षा धर्मशास्त्र करीत नाही. वाईटाला चांगले म्हणण्याची सक्ती त्याच्यावर नाही. जे घडले ते वाईटच आहे. तरीही ज्याच्या हाती हे जग आहे त्याच्याशी माझा संबंध तुटलेला नाही, एवढेच त्याने म्हणावयाचे आहे. तालमूदमधील एका वचनाचा भाव असा की, या जगात आशीर्वचने दोन असली, तरी येणाऱ्या जगात एकच उरेल, भल्याचे. याचा अर्थ, सगळे भल्यासाठीच होते हे दिसण्याची जागा हे जग नव्हे. येथे आपल्याला दोन्ही आशीर्वचने वेगवेगळीच म्हणावी लागणार.

त्याच प्रकरणात आणखी एक नियम आहे. जे घडून गेले ते घडू नये म्हणून आक्रोश करणे, ही व्यर्थ प्रार्थना होय. उदाहरण दिले आहे ते असे : कोणी प्रवासी गावाकडे परत येत आहे आणि गावातून रडण्याचा आवाज त्याच्या कानी पडतो. हे रडणे माझ्या घरातले नसो, अशी प्रार्थना त्याने केली, तर ती व्यर्थ होय. कारण जे व्हायचे ते होऊन गेलेले आहे. आम्हांला या नियमात आणखीही एक गोष्ट दिसते. माझ्या घरातले नसो, याचा अर्थ शेजाऱ्याच्या घरातले असो, असाच होतो ना? स्वीकाराचा पहिला धडा येथे आहे. झालेली गोष्ट झाली म्हणून मान्य करणे आणि आपले दुःख दुसऱ्याच्या दारी ढकलण्याची इच्छा न धरणे.

मात्र स्वीकार म्हणजे हात बांधून बसणे नव्हे. वैद्याने रोग्याला बरे करावे, याला तालमूद प्रत्यक्ष धर्मग्रंथाचा आधार शोधून देते. जीव वाचविण्यासाठी शब्बाथाचा नियम मोडणे हे तर कर्तव्यच मानले जाते. आरोग्यासाठी केलेली मागणी आठवड्याच्या दैनंदिन प्रार्थनेत समाविष्ट आहे. प्रयत्नांची सीमा जेथे संपते, तेथून स्वीकाराची वाट सुरू होते, त्याआधी नाही.

या स्वीकाराचा आदर्श म्हणून ज्यू परंपरा रब्बी अकिवा यांच्याकडे बोट दाखविते. त्यांच्याविषयी तालमूदमध्ये दोन कथा जवळजवळ आहेत. पहिल्या कथेत ते प्रवासाला निघाले आहेत. एका गावात त्यांना कोणी रात्रीपुरता आसरा देत नाही. देव जे करतो ते भल्यासाठीच, असे म्हणून ते रानात झोपतात. त्यांच्यापाशी एक दिवा, एक कोंबडा आणि एक गाढव आहे. वाऱ्याने दिवा विझतो, मांजर कोंबडा नेते, सिंह गाढव फाडतो. प्रत्येक वेळी ते तेच म्हणतात. त्याच रात्री सैन्य येऊन त्या गावाला बंदिवान करून नेते आणि अंधारात, आवाजाविना पडून राहिलेले अकिवा तेवढे वाचतात.

या कथेचा शेवट गोड आहे. पण तालमूद तेथेच थांबत नाही. थोडे पुढे तेच अकिवा रोमन जल्लादांच्या हाती सापडलेले दिसतात. इ. स. १३२ ते १३५ या काळात बार कोखबाच्या नेतृत्वाखाली ज्यूंनी रोमविरुद्ध केलेले बंड मोडले गेले आणि त्यानंतरच्या छळात अकिवांनी प्राण दिले. लोखंडी फण्यांनी त्यांचे मांस ओरबाडले जात होते आणि ती वेळ शमा म्हणण्याची होती. देव एकच आहे आणि त्याच्यावर सर्व अंतःकरणाने प्रीती करावी, अशी ही ज्यूंची नित्य घोषणा. प्रभू येशूने सर्वांत मोठी आज्ञा म्हणून सांगितली ती हीच. अकिवा ती म्हणत म्हणतच गेले. संपूर्ण जीवानिशी देवावर प्रीती करण्याची जी आज्ञा आहे, ती पाळण्याची संधी आपल्याला कधी मिळेल याची आयुष्यभर आस होती, असे त्यांनी शिष्यांना सांगितले. येथे कोणी वाचले नाही, कोणाचे भले झालेले दिसले नाही. आणि तालमूदकारांनी त्यापुढेच एक धाडसी गोष्ट नोंदविली आहे. स्वर्गातील देवदूतच देवाला विचारतात की, धर्मशास्त्राचे हेच का फळ? धर्मग्रंथाने हा प्रश्न पुसून टाकलेला नाही. हुतात्म्याचा स्वीकार आणि देवदूतांची तक्रार, दोन्ही एकाच पानावर शेजारी शेजारी नांदतात.

येथे एक भेद मनाशी धरावा. अकिवा जे बोलले ते स्वतःच्या गाढवाविषयी, स्वतःच्या विझलेल्या दिव्याविषयी आणि शेवटी स्वतःच्या देहाविषयी बोलले. बंदिवान झालेल्या गावकऱ्यांपाशी जाऊन, तुमचे जे झाले तेही भल्यासाठीच, असे त्यांनी सांगितल्याची कथा कोठेही नाही.

हा भेद किती महत्त्वाचा आहे, हे ईयोबाच्या ग्रंथावरून कळते. ईयोब म्हटला की, आपल्यापुढे एक सहनशील पुरुष उभा राहतो. तो तसा आहे, पण पहिल्या दोन अध्यायांत. तिसऱ्या अध्यायापासून हाच ईयोब आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, देवाला न्यायालयात खेचण्याची भाषा करतो, आपला अपराध काय तो दाखव, म्हणून हटून बसतो. त्याचे तीन मित्र आधी सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसतात. तोवर त्यांचे काही चुकत नाही. ते बोलू लागतात आणि सारे बिघडते. निरपराध्याचा नाश होत नाही, तेव्हा तुझ्या हातून काही पाप घडले असलेच पाहिजे, हा त्यांच्या बोलण्याचा सारांश. ते देवाची बाजू घेत आहेत, धर्माला धरून बोलत आहेत. आणि शेवटच्या अध्यायात देवाचा कोप होतो तो तक्रार करणाऱ्या ईयोबावर नव्हे, तर देवाची वकिली करणाऱ्या या मित्रांवर. ते माझ्याविषयी यथार्थ बोलले नाहीत, ईयोब बोलला, असा निवाडा देव देतो आणि त्यांच्यासाठी प्रार्थना ईयोबाने करावी, असे सुचवितो.

ज्यू आचार्यांनी या निवाड्याला केवळ कथेचे तात्पर्य म्हणून सोडून दिले नाही, त्याचा कायदा केला. व्यवहारात कोणाला ठकवू नये, असा नियम सांगताना ते म्हणतात की, शब्दांनीही कोणाला पीडा देऊ नये. आणि शब्दांची पीडा पैशाच्या लबाडीहून वाईट, कारण पैसा परत करता येतो. या शब्दपीडेच्या उदाहरणांत त्यांनी हे स्पष्ट नमूद केले आहे : जो आजारी आहे, किंवा ज्याने आपल्या मुलांना पुरले आहे, त्याच्याशी ईयोबाच्या मित्रांप्रमाणे बोलू नये. म्हणजे दुःखिताला त्याच्या दुःखाचे कारण समजावून सांगणे हा केवळ अरसिकपणा नव्हे. ते पाप आहे, खोट्या मापाने धान्य विकण्याच्या जातीचे.

असे का असावे? जे वाक्य स्वतःच्या तोंडी श्रद्धा ठरते, तेच दुसऱ्याला ऐकविताना पाप कसे होते? आमच्या मते याचे कारण असे की, स्वीकार हे अर्पण आहे. मिस्साबलीत आपण आपले दुःख वेदीवर ठेवतो, तेव्हा ते आपले असते म्हणूनच ते अर्पण ठरते. शेजाऱ्याच्या गोठ्यातले वासरू सोडून आणून कोणी बळी देऊ लागला, तर त्याला भक्त कोण म्हणेल? दुसरे असे की, अनेकदा आपण सांत्वन करतो ते आपल्याच भीतीचे. त्याच्यावर आलेल्या संकटाला काही कारण सापडले, तर ते आपल्यावर येणार नाही, असा दिलासा आपण त्याच्या खर्चाने विकत घेत असतो.

मग दुःखिताकडे जावे तरी कसे? तालमूदमध्ये रब्बी योहानान यांच्या तीन भेटींची हकिकत आहे. ते तिसऱ्या शतकातील गालिलीचे थोर आचार्य होते. त्यांचे दहा मुलगे त्यांच्या डोळ्यांदेखत गेले आणि दहाव्याचे एक हाड ते जवळ बाळगीत, असे परंपरा सांगते. त्यांचे सहकारी रब्बी हिय्या बार अब्बा आजारी पडले. योहानान यांनी जाऊन विचारले की, ही पीडा तुम्हांला प्रिय आहे काय? हिय्या यांनी उत्तर दिले की, पीडाही नको आणि तिच्याबद्दल मिळणारे प्रतिफळही नको. यावर योहानान यांनी उपदेश केला नाही. त्यांनी हात मागितला, तो धरला आणि रोग्याला उठविले. पुढे योहानान स्वतः आजारी पडले. रब्बी हनिना त्यांच्याकडे आले. प्रश्न तोच, उत्तर तेच, आणि हातही तसाच पुढे झाला. जो दुसऱ्याला उठवू शकत होता, त्याने स्वतःला का उठविले नाही, असे तालमूद विचारते. आणि उत्तर देते की, बंदिवान स्वतःच्या बंदिशाळेतून स्वतःला सोडवू शकत नाही.

तिसरी भेट आम्हांला सर्वांत हृद्य वाटते. रब्बी एलआझार अंधाऱ्या खोलीत आजारी पडलेले आहेत आणि रडत आहेत. योहानान त्यांना एकेक कारण विचारतात. अध्ययन अपुरे राहिले म्हणून? गरिबीमुळे? मुले नाहीत म्हणून? आणि हे विचारताना ते स्वतःच्या दहाव्या मुलाचे हाड दाखवितात. एलआझार सांगतात की, योहानान यांचे देखणेपण एक दिवस मातीत कुजणार, त्यासाठी मी रडतो आहे. तेव्हा योहानान मान्य करतात की, यासाठी मात्र रडावेच. आणि ते दोघेही रडतात. त्यानंतर तोच प्रश्न, तेच उत्तर, तोच हात. दहा मुलगे गमावलेला हा मनुष्य दुःखाचे समर्थन करीत नाही. आधी चुकीची सांत्वने एकेक करून बाजूला पडतात, मग अश्रू एकत्र होतात आणि मग हात पुढे येतो.

ज्यूंचे शोकाचे रिवाज याच शहाणपणावर उभे आहेत. मृत व्यक्ती समोर असताना तिच्या आप्तांचे सांत्वन करू नये, असे आचार्यांनी बजावले आहे. वस्त्र फाडण्याचा जुना विधी आहे. आईवडिलांसाठी फाडलेले वस्त्र तीस दिवसांनंतर टाके घालून जोडता येते, पण ते पूर्ववत कधीच शिवावयाचे नसते. ती फट राहणारच. दफनानंतरचे पहिले जेवण शोकाकुलांनी स्वतःच्या घरचे घ्यावयाचे नाही, ते शेजाऱ्यांनी आणावयाचे. सात दिवस घरातील माणसे खालच्या आसनावर बसून राहतात आणि लोक भेटीस येतात. शोक करणारा स्वतः बोलेपर्यंत आलेल्याने बोलू नये, हा नियम तर ईयोबाच्या कथेवरूनच घेतलेला आहे. मृतांसाठी म्हणावयाची कद्दीश ही प्रार्थना अरामी भाषेत आहे. नित्याच्या कद्दीशात मृत्यूचा एकही शब्द नाही. आहे ती देवनामाची थोरवी. आणि ती एकट्याने म्हणता येत नाही. परंपरेनुसार दहा प्रौढ पुरुष जमल्याशिवाय तिचा उच्चार होत नाही. ज्याच्या तोंडून देवाची स्तुती निघणे सर्वांत कठीण, त्याच्याभोवती आधी माणसे उभी करावयाची आणि मग स्तुतीचे शब्द त्याच्या हाती द्यावयाचे, अशी ही योजना आहे.

व्यक्तीला जे शिकविले, तेच या लोकांनी राष्ट्र म्हणून भोगले. इ. स. ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचे मंदिर जाळले. पापक्षालनाची वेदीच गेली, असे म्हणून रब्बी येहोशुआ त्या भग्नावशेषांपुढे विलाप करू लागले. तेव्हा त्यांचे गुरू रब्बी योहानान बेन झक्काई यांनी त्यांना सांगितले की, तितकेच मोलाचे दुसरे प्रायश्चित्त आपल्यापाशी आहे आणि ते म्हणजे दयेची कृत्ये. मंदिर पुन्हा उभे राहिले नाही, पण दया आणि अध्ययन यांवर एक धर्म उभा राहिला. तरीही मंदिर गेल्याचा शोक विसरला गेला नाही. आजही आब महिन्याच्या नवव्या तिथीला ज्यू उपवास करतात, जमिनीवर बसून विलापगीते वाचतात. लग्नाच्या आनंदातही काचेचा पेला फोडून त्या नाशाची आठवण करतात.

या पांगलेल्या लोकांतील एक शाखा आपल्याच कोकण किनाऱ्यावर नांदली. बेने इस्रायल समाजाची परंपरा सांगते की, त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, आणि बुडालेल्यांना तेथेच पुरण्यात आले. धर्मग्रंथ समुद्रात गेले, हिब्रू भाषा विसरली गेली. ते मराठी बोलू लागले, तेलाचे घाणे चालवू लागले. पण शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. आणि एक प्रार्थना त्यांच्या ओठी टिकली : शमा. जन्म, विवाह, मृत्यू, सर्व प्रसंगी ते तीच म्हणत. अकिवांच्या ओठांवर शेवटी होती ती. सर्वस्व बुडाल्यावर जे हाती उरते, त्याने जगता येते, हे या आपल्या मराठी बांधवांनी कोणताही ग्रंथ न लिहिता दाखवून दिले.

विसाव्या शतकात मात्र असे काही घडले की, तेथे सगळी स्पष्टीकरणे थकली. नाझींनी साठ लाख ज्यूंची हत्या केली. वॉर्साच्या कोंडवाड्यात रब्बी कालोनिमस शापिरा आपल्या लोकांना शब्बाथाची प्रवचने देत होते. सप्टेंबर १९३९ च्या बॉम्बवर्षावात त्यांचा एकुलता मुलगा गेला होता. अशी संकटे पूर्वीही आली होती आणि आपले लोक तरले होते, असे त्यांनी आधी एका प्रवचनात सांगितले होते. १९४२ च्या अखेरीस त्यांनी त्याच प्रवचनाला टीप जोडली की, आता जे घडत आहे त्याला पूर्वी कधी जोड नव्हती. स्वतःचे स्पष्टीकरण त्यांनी मागे घेतले. प्रार्थना मागे घेतली नाही. १९४३ मध्ये ते मारले गेले. जमिनीत पुरून ठेवलेली त्यांची हस्तलिखिते युद्धानंतर सापडली आणि १९६० मध्ये प्रसिद्ध झाली.

हे वाचताना ख्रिस्ती मनुष्याने मान खाली घालावी, असा एक इतिहास आहे. शतकानुशतके ख्रिस्ती जगातील उपदेशकांनी ज्यूंना सांगितले की, तुमचे परागंदा होणे आणि तुमचे हाल ही देवाची शिक्षा आहे. म्हणजे ईयोबाच्या मित्रांची जागा ख्रिस्ती लोकांनी घेतली, तीही ईयोबाचाच ग्रंथ वेदीवर वाचत असताना. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ‘नॉस्ट्रा एताते’ या घोषणापत्राद्वारे स्पष्ट केले की, ज्यूंना देवाने टाकलेले किंवा शापिलेले लोक म्हणून दाखविता येणार नाही. मार्च २००० मध्ये पोप दुसरे जॉन पॉल जेरुसलेमच्या पश्चिम भिंतीपाशी गेले आणि क्षमायाचनेची चिठ्ठी तिच्या दगडांत ठेवून आले. त्याच पोपमहोदयांनी १९८४ मध्ये मानवी दुःखावर लिहिलेल्या प्रेषितीय पत्रात ईयोबाचा दाखला देऊन सांगितले आहे की, प्रत्येक दुःख हे शिक्षा नसते. आणि त्या पत्राच्या अखेरच्या भागात ते दुःखाच्या स्पष्टीकरणाकडे नव्हे, तर दयाळू शोमरोन्याकडे वळतात.

प्रभू येशू या परंपरेतच वाढला. गेथशेमानी बागेत त्याने आधी प्याला टळावा म्हणून विनविले आणि मगच पित्याच्या इच्छेला मान तुकविली. क्रुसावर त्याने आपल्या पूर्वजांच्या स्तोत्रातील टाहो फोडला. पण लाझरसच्या बहिणींना त्याने देवाची इच्छा म्हणून गप्प केले नाही. मार्थेची आणि मरियेची तक्रार त्याने ऐकून घेतली, आणि पुनरुत्थान आपल्या हाती आहे हे ठाऊक असूनही तो कबरेपाशी रडला.

तेव्हा देवाची इच्छा हे शब्द आपण टाकून द्यावयाचे नाहीत. ते स्वतःसाठी जपून ठेवावयाचे आहेत. आपल्यावर वेळ येईल तेव्हा, तक्रार करून झाल्यावर, रडून झाल्यावर, ते आपल्या तोंडून निघाले तर देवाची कृपा. शेजाऱ्यावर वेळ येईल तेव्हा मात्र घरून जेवणाचा डबा घेऊन निघावे, तो बोलेपर्यंत बोलू नये, आणि उठताना आपला हात त्याच्या हाताजवळ न्यावा.